जुने नाणे, नवी नक्कल : कायदा काय सांगतो?

गोंदिया हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा. नागरा येथील प्राचीन शिवमंदिर या भूमीतील जुन्या वस्तीची साक्ष देते. बांधी खोदताना, घराचा पाया घेताना किंवा तलावातील गाळ काढताना येथे एखादे जुने नाणे हाती लागणे मुळीच असंभाव्य नाही. त्याचबरोबर यात्रा-बाजारांतून, आणि अलीकडे मोबाईलवरूनही, जुनी म्हणून विकली जाणारी नवी नाणी गावोगाव पोहोचत आहेत. खरे नाणे सापडल्यास काय करावे आणि नकलेवर कोणती खूण असावी, हे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांना ठाऊक असणे म्हणूनच आवश्यक आहे.

धातूपेक्षा इतिहास मोलाचा

१९३९ साली तेव्हाच्या अकोला व आजच्या वाशीम जिल्ह्यातील तऱ्हाळा या गावी सातवाहनांच्या दीड हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा पुराणांतील वंशावळीत न आढळणाऱ्या कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारख्या राजांची नावे उजेडात आली. नाणी हलक्या मिश्रधातूची होती. मोडीच्या भावाने त्यांचे फारसे काही आले नसते. साठा एकत्र राहिला म्हणून विदर्भाच्या इतिहासात एक पान वाढले. अशा साठ्यात चार नकली नाणी मिसळली किंवा त्यातील नाणी चार घरी वाटली गेली, तर हे पान कायमचे पुसले जाते.

सापडलेल्या नाण्यांविषयी

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत दडलेला १० रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास, तो काय व किती आहे, कोठे व कोणत्या दिवशी सापडला, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. ऐवज शासकीय कोषागारात जमा करावा लागतो किंवा त्याबद्दल जामीन द्यावा लागतो. माहिती दडविल्यास हिस्सा तर जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

‘सरकार सारेच घेऊन जाते’ या समजुतीमुळे अनेक जण गप्प राहतात. कायदा मात्र तसा नाही. ऐवज बेवारस ठरला आणि जागेचा मालक दुसरा असला, तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्याला व एक चतुर्थांश जागामालकाला मिळतो. शासनाने तो ऐवज संपादित केल्यास धातूची किंमत व तिच्यावर एक पंचमांश अधिक रक्कम दिली जाते.

शंभर वर्षांहून जुने नाणे हे पुराणवस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार पुराणवस्तू ठरते. परवान्याशिवाय पुराणवस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करता येत नाही.

नक्कल केव्हा गुन्हा ठरते?

चलनातील नाण्याची बनावट करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७८ खाली जन्मठेपेपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. शिवराई किंवा होन आज चलनात नाहीत. त्यामुळे त्यांची प्रतिकृती करणे हा त्या कलमाखालील गुन्हा होत नाही. परंतु तीच प्रतिकृती अस्सल म्हणून विकून पैसे घेतले, तर कलम ३१८ खाली फसवणूक होते व सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. थोडक्यात, कायदा येथे नकलेला नव्हे, लबाडीला शिक्षा करतो.

राम-हनुमानाच्या आकृती व ‘ईस्ट इंडिया कंपनी, १८१८’ अशी अक्षरे असलेले ‘आणे’ हे या लबाडीचे नेहमीचे साधन आहे. ती कंपनीच्या टांकसाळीची नाणी नव्हेत. ‘तांदूळ ओढणारे नाणे’ हाही त्यातलाच प्रकार. नाण्यात लोहचुंबक व तांदळात लोखंडाचा कीस एवढेच त्याचे रहस्य असते. जुनी नाणी व नोटा यांच्या खरेदी-विक्रीसाठी आपल्या नावाने शुल्क मागणाऱ्यांपासून सावध राहावे, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता.

खुणेचा नियम

अमेरिकेने नोव्हेंबर १९७३ मध्ये संग्राहकांच्या रक्षणार्थ स्वतंत्र कायदा केला. त्यानुसार नाण्याच्या प्रतिकृतीवर ‘नक्कल’ या अर्थाचा शब्द, आणि निवडणुकीचे बिल्ले, भित्तिपत्रके आदी राजकीय वस्तूंच्या नकलांवर त्या घडविल्याचे वर्ष कायमस्वरूपी उमटविणे सक्तीचे आहे. आपल्याकडे प्रतिकृतींसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. तथापि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध दाद मागता येते. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे व पत्ते छापणे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७-क नुसार आवश्यक आहे. जुन्या पत्रकाची पारख करताना ही ओळ प्रथम पाहावी. स्मृतिपदकावर राजमुद्रेचे सिंह वापरून ते शासकीय असल्याचा भास निर्माण करण्यास २००५ च्या कायद्याने मनाई आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

कायद्याची वाट न पाहता काही गोष्टी आपल्या हाती आहेत.

१. शाळा किंवा ग्रामपंचायतीने स्मृतिचिन्ह म्हणून शिवराईच्या प्रतिकृती करवून घेतल्यास त्यांवर ‘प्रतिकृती’ हा शब्द व वर्ष ठशातच कोरून घ्यावे. चिकटविलेली चिठ्ठी टिकत नाही.

२. रोजगार हमीच्या व गाळ काढण्याच्या कामांवरील मजुरांना निखात निधीची तरतूद काम सुरू होण्यापूर्वीच समजावून सांगावी.

३. सापडलेली नाणी घासू नयेत, चिंचेने किंवा लिंबाने उजळू नयेत, वाटूनही घेऊ नयेत. ज्या भांड्यात ती मिळाली, तेही जपून ठेवावे.

४. शिक्षकांनी नाण्यांच्या संग्रहाचा छंद जरूर लावावा. मात्र प्रत्येक नाण्यापुढे ते कोठून मिळाले व अस्सल आहे की प्रतिकृती, याची नोंद वहीत ठेवण्याची सवय विद्यार्थ्यांना लावावी.

प्रतिकृतीमुळे इतिहास घरोघरी पोहोचतो, हे खरेच. मात्र तिने आपली ओळख लपवू नये. ठशातील एका शब्दाने पुढच्या पिढीतील ग्राहकाचा पैसा वाचेल आणि संशोधकाची वाटही चुकणार नाही.