उष्णता अडवायची, वीज जाऊ द्यायची

सकाळी ७.३०
दिवस भट्टीपासून सुरू होतो. खामगावच्या आमच्या कॉलेजातली मफल फर्नेस काल मिनिटाला ५ अंशांनी चढवत १२०० अंश सेल्सिअसवर नेली आणि रात्रभर आपसूक निवू दिली. घाईने दार उघडलं की गोळीला तडा जातो. आतली गोळी झिंक ऑक्साइडची, शंभरातल्या दोन जस्त-अणूंच्या जागी ॲल्युमिनियम घातलेली. ॲल्युमिनियमकडे जस्तापेक्षा बंधासाठी एक इलेक्ट्रॉन जास्त असतो. तो मोकळा होतो आणि वीज वाहून नेतो. उष्णतेतून वीज काढायची तर गोळीने वीज जाऊ द्यायला हवी आणि उष्णता अडवायला हवी.

९.००
व्हर्निअर, काटा, मग घनता. झिंक ऑक्साइडची पूर्ण घनता घनसेंटिमीटरला ५.६ ग्रॅम. गोळी भरीव झाली नाही तर आतल्या पोकळ्या उष्णता अडवतात, पण विजेचीही वाट रोखतात. जास्त भाजली तर ती भरीव होते, मात्र नॅनो आकाराचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि उष्णता पुन्हा मोकाट सुटते. सगळी कसरत या दोन टोकांमधली आहे.

१०.३०
बी.एस्सी.चा तास. सांध्यांच्या तापमानात फरक पडला की दोन धातूंच्या जोडीजवळची चुंबकसूची हलते, हे थॉमस सीबेकने १८२१ साली पाहिलं. मी जुन्या गोळीच्या एका टोकाला तापलेला सोल्डरिंग आयर्न लावतो. गरम टोक धन होतं, कारण इलेक्ट्रॉन थंड बाजूला सरकतात.

"सर, हे तर काही मिलिव्होल्टच आहेत!"

"अशा कितीतरी जोड्या ओळीने जोडल्या तर?" मी विचारतो आणि १९७७ मध्ये सुटलेल्या व्हॉयेजर यानांचं सांगतो. प्लुटोनियमच्या उष्णतेतून त्यांना वीज मिळते ती याच तत्त्वावर.

१२.००
नवी भुकटी. झिंक नायट्रेट, ॲल्युमिनियम नायट्रेट आणि सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवून तापवतो. द्रावण मधासारखं दाटतं, त्याची जेली होते, फुगते, आणि एका कोपऱ्यातून निखारा सरकत जातो. मागे उरते ती फुंकरीने उडेल अशी हलकी राख. ती भाजून अगेटच्या खलात घोटायची, १३ मिलिमीटरच्या साच्यात दाबायची. कालच्यासारखी दाबून ठेवलेली एक गोळी लगेच भट्टीत जाते, या वेळी ११५० अंशांसाठी. कण लहान राहावेत म्हणून ५० अंश कमी.

२.३०
सकाळच्या गोळीच्या दोन्ही तोंडांना चांदीचा लेप लावतो. चांदीसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात तिचा हा उपयोग मुलांना फार आवडतो. दोन थर्मोकपल लावून तापमानातला फरक थोडा थोडा वाढवायचा आणि प्रत्येक वेळी व्होल्टेज लिहायचं. आलेखाची रेघ सरळ आली तरच तिचा उतार सीबेक गुणांक म्हणून धरायचा. मध्येच लाइन गेली तर पहिल्यापासून.

५.००
वहीत हिशेब. सीबेक गुणांकाचा वर्ग गुणिले विद्युतवाहकता गुणिले तापमान, भागिले उष्णतावाहकता: हा झेडटी, म्हणजे पदार्थ उष्णतेतून किती चांगली वीज देतो त्याचं माप. प्रियांका जूद, गणपती रामनाथ आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ॲल्युमिनियमयुक्त झिंक ऑक्साइडमध्ये १००० केल्विनला तो ०.४४ पर्यंत नेला. नॅनो कण आणि झिंक ॲल्युमिनेटचे सूक्ष्म दाणे यांनी उष्णता वाहून नेणारी स्फटिकजाळीची कंपनं विखुरली; उष्णतावाहकता २ वॉट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास उतरली आणि वीज वाहत राहिली.

उष्णतावाहकतेसाठी आमच्या गोळ्या बाहेर पाठवाव्या लागतात. तेव्हा मोह होतो की वीज एका गोळीवर मोजावी आणि उष्णतेचा आकडा दुसरीचा घ्यावा. घनता आणि कणांचा आकार बदलला की तिन्ही आकडे बदलतात. म्हणून ज्या गोळीवर वीज मोजली तीच, नंबर घालून, डबीत जाते.

६.३०
ठरलेला वेळ भरला, भट्टी बंद. वीटभट्टी असो, चांदीची मूस असो की ओतकामाची भट्टी, तिथली धग रोज हवेत जाते. तिच्यातून वीज काढायची तर या कामाचं नेहमीचं बिस्मथ टेल्युराइड त्या तापमानाला उघड्या हवेत टिकत नाही, ऑक्साइड टिकतं. ते वापरात यायला वेळ लागेल. त्या वाटेवर आमच्यासारख्या लहान प्रयोगशाळेने काय द्यावं? तिन्ही आकडे एकाच गोळीवर मोजलेले, आणि दुसऱ्या कुणी तशीच गोळी भाजली तरी तेच येतील असे.