हजारातली ६२ बाळं

गडचिरोलीतल्या सुईणींना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवायचं होतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल तर धोका, हा निकष ठरलेला होता. पण बऱ्याच सुईणींना साठपर्यंत मोजताच येत नव्हतं. तेव्हा डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं एक साधं साधन बनवलं: एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत साठाव्या श्वासाचा लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया. निकष तोच राहिला, फक्त तो अक्षरओळख नसलेल्या बाईच्या बोटांना कळेल असा झाला.

संशोधन लोकांपर्यंत नेणं म्हणजे नेमकं हे, असं मला वाटतं. ‘सोपं करून सांगणं’ हा त्यातला छोटासा भाग.

१९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘सर्च’चाच याच जिल्ह्यातला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी जात, बाळाला ऊब देणं, अंगावर पाजणं शिकवत, जंतुसंसर्ग झाला तर घरीच उपचार करत. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत नेहमीचीच सेवा होती. निष्कर्ष: नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट.

डॉक्टरांना एवढं वाक्य पुरतं. सरपंचाला किंवा आमदाराला ते पुरत नाही, कारण टक्के कशाचे हे त्यात दिसत नाही. त्यांना असं सांगायला हवं: आधी हजार बाळं जन्मली की ६२ महिनाभराच्या आत जायची, तिसऱ्या वर्षी हा आकडा २५-२६ वर आला. आणि तुलनेच्या गावांत? तिथे ५८ होता, तो ६० च्या घरात गेला. हा दुसरा आकडा गाळला, तर ‘काळानुसार मृत्यू कमी होणारच होते’ असं कुणीही म्हणेल, आणि त्याला उत्तर देता येणार नाही. पुराव्याचा सगळा जीव त्या ४७ गावांत आहे. बातम्यांत मात्र नेमकी तीच गावं वगळली जातात, याचं मला फार वाईट वाटतं.

२००१ मध्ये तेरा संस्थांनी मिळून महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा अहवाल काढला. त्याचं नाव ‘कोवळी पानगळ’. सरकारी नोंदींत कितीतरी मृत्यू येतच नाहीत, हे त्यानं मराठीत, उघडपणे मांडलं. शासनाला डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. दरम्यान ‘अंकुर’ प्रकल्पात राज्यात सात ठिकाणी गडचिरोलीतली हीच घरपोच सेवेची पद्धत इतर संस्थांनी वापरून पाहिली आणि तिथेही नवजात मृत्यू सुमारे निम्म्यानं घटले. एका संस्थेची किमया म्हणून हा विषय बाजूला सारणं मग अवघड झालं.

तरीही देशभरच्या ‘आशा’ताईंसाठी, म्हणजे गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी, घरपोच नवजात सेवेच्या मार्गदर्शक सूचना आल्या त्या २०११ मध्ये. ‘लॅन्सेट’मधल्या अभ्यासानंतरची ही बारा वर्षं थोडी नव्हेत.

आज दवाखान्यात बाळंतपण झालं तर आशाताई तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा घरी येते, घरी झालं तर सात वेळा. प्रत्येक भेटीत ती फॉर्म भरते आणि तो वर जातो. त्या फॉर्मांची बेरीज वर्षातून एकदा त्याच गावाच्या ग्रामसभेत वाचली जावी: किती बाळं जन्मली, किती गेली, शेजारच्या गावात किती. त्यासाठी नवं संशोधन लागत नाही, एक मराठी कागद लागतो.