आर्थर रोडमधले हस्तलिखित

1964च्या सप्टेंबरात आर्थर रोड तुरुंगातल्या एका स्थानबद्धाने महाराष्ट्र सरकारकडे परवानगी मागितली. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे कामगार चळवळीतले कम्युनिस्ट कार्यकर्ते. तुरुंगात असताना, सरकारच्याच संमतीने, त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे मराठी पुस्तक लिहिले होते. विषय विज्ञानाचा. हस्तलिखित बाहेर पाठवून ते छापून घ्यायचे, एवढीच मागणी होती. सरकारने सहा महिने घेतले आणि 27 मार्च 1965च्या पत्राने नकार कळवला. तुरुंगाच्या अधीक्षकांकडे केलेला अर्जही फेटाळला गेला. मग प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात पोचले.

संझगिरींवर खटला नव्हता, शिक्षाही नव्हती. गुन्हा घडल्यावर होते ती अटक. घडेल या संशयावरून आधीच अडकवणे म्हणजे प्रतिबंधक स्थानबद्धता. भारताच्या घटनेने कलम 22मध्ये तिला जागा दिली आहे. माणसाला डांबण्याची कारणे त्याला कळवावीत, असे हे कलम सांगते. पण जी माहिती उघड करणे लोकहिताला बाधक वाटेल ती सरकारने दिली नाही तरी चालेल, अशी सूटही त्याच कलमात आहे. सुरक्षा आणि गुप्तता यांची गाठ अशी घटनेतच मारलेली आहे.

1962च्या चीन युद्धाने ती आणखी घट्ट झाली. 26 ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली आणि भारत संरक्षण नियम आले; संझगिरी याच नियमांखाली आत होते. 3 नोव्हेंबरच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने, या नियमांखाली स्वातंत्र्य गेलेल्या माणसाला कलम 21 (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) आणि 22च्या आधारे न्यायालयाचे दार ठोठावता येईनासे झाले. लढाई त्याच महिन्यात थांबली. आणीबाणी मात्र जानेवारी 1968पर्यंत चालू राहिली.

हे पुस्तक छापल्याने देशाच्या संरक्षणाला धोका पोचेल, असे सरकारने न्यायालयात म्हटलेच नाही. उच्च न्यायालयाने अनुक्रमणिका चाळली होती आणि मजकूर निव्वळ शास्त्रीय असल्याची खात्री करून घेतली होती. सरकारचा मुद्दा वेगळाच होता: स्थानबद्धाला पुस्तक छापू देण्याचे बंधन कोणत्याही कायद्याने आमच्यावर घातलेले नाही. माणूस एकदा स्थानबद्ध झाला की त्याचे सगळे स्वातंत्र्य गेले, आणि स्थानबद्धतेच्या अटींत ज्या सवलती लिहिल्या असतील तेवढ्याच त्याच्या वाट्याच्या. त्या अटींमध्ये पुस्तकाबद्दल अवाक्षर नव्हते, म्हणून पुस्तकाचा हक्कही नाही.

या वादाची सगळी गंमत त्या न लिहिलेल्या ओळीत आहे. नियम गप्प असेल तर ते मौन कोणाच्या बाजूचे? सरकारच्या मते ते सरकारच्या बाजूचे होते. उच्च न्यायालयाने उलट धरले: माणसाचे हक्क त्याच्यापाशी आधीच असतात, नियम फक्त त्यांना आळा घालतात, आणि जिथे आळा घातलेला नाही तिथे हक्क शाबूत राहतो. हस्तलिखित पत्नीकडे पाठवू द्यावे, असा आदेश झाला. सरकार अपिलात गेले. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती के. सुब्बा राव यांनी हाच धागा पुढे नेला. राष्ट्रपतींच्या आदेशाची ढाल नियमांखाली केलेल्या कृतीपुरतीच आहे. नियमांत नसलेली बंदी सरकारने घातली, तर तिच्याविरुद्ध दाद मागायला आणीबाणीतही दार उघडे आहे.

निकालाचा दिवस होता 6 सप्टेंबर 1965. त्याच दिवशी भारतीय फौजांनी लाहोरच्या दिशेने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली. दुसऱ्याच दिवशी समाजवादी नेते राममनोहर लोहियांच्या स्थानबद्धतेचा निकाल आला. नियमात ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ असे शब्द होते आणि पाटण्याच्या जिल्हाधिकाऱ्याने आदेशात ‘कायदा आणि सुव्यवस्था’ असे लिहिले होते. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी एकात एक अशी तीन वर्तुळे कल्पिली: सर्वांत मोठे कायदा-सुव्यवस्थेचे, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचे, आणि सर्वांत आतले, लहानसे, राज्याच्या सुरक्षिततेचे. मोठ्या वर्तुळातल्या कारणासाठी आतल्या वर्तुळाचे हत्यार उपसता येत नाही. लोहिया सुटले.

दहा वर्षांनी चित्र पालटले. जून 1975च्या आणीबाणीत ‘मिसा’ या 1971च्या प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्यात कलम 16अ घातले गेले. मिसाबंदीला कारणे कळवण्याची गरज उरली नाहीच. ती कारणे राज्याच्या गोपनीय बाबी मानली जाऊन न्यायालयालाही दाखवली जाणार नव्हती. मुंबईत धाक किती पसरला होता हे एका सभेवरून कळते. गिरगावाजवळ, काँग्रेस हाऊसमधल्या जिना हॉलमध्ये वकिलांना नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचे राज्य या विषयावर खासगी निमंत्रितांची सभा घ्यायची होती. वक्ते होते एम. सी. छागला आणि जे. सी. शहा, दोघेही माजी न्यायाधीश. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. वकील एन. पी. नथवानी उच्च न्यायालयात गेले, आणि मुख्य न्यायाधीश कांटावाला व न्यायमूर्ती तुळजापूरकर यांनी बंदी रद्द ठरवली. बाहेर सेन्सॉरचे राज्य असताना फोर्टातल्या त्या इमारतीने दाखवलेली ही हिंमत मुंबईकरांनी विसरावी अशी नाही.

दिल्लीत मात्र वेगळे घडले. मुंबईसह नऊ उच्च न्यायालयांनी मिसाबंद्यांचे देहोपस्थितीचे (हेबियस कॉर्पस) अर्ज ऐकण्याजोगे मानले होते. 28 एप्रिल 1976 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, जबलपूरच्या प्रकरणात, चार विरुद्ध एक अशा मताने ते सगळे मोडीत काढले. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना वेगळे राहिले. पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलले गेले. बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. कलम 16अची गोपनीयताही टिकली. जानेवारी 1977मध्ये, स्थानबद्धांना तुरुंगात कसे वागवावे याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने दिलेले आदेशही याच निकालाच्या आधारे रद्द झाले. संझगिरी निकालाने उघडलेली फट बुजली.

1978च्या 44व्या घटनादुरुस्तीने यातले बरेच सावरले. आता आणीबाणीतही कलम 20 आणि 21 तहकूब करता येत नाहीत. जबलपूरचा निकाल रीतसर रद्द व्हायला 2017 उजाडले. खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात तो चुकीचा ठरवणारे मत यशवंत चंद्रचूडांचे पुत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. गुप्ततेचा प्रश्न दुसऱ्या वेशात परत आला, सीलबंद लिफाफ्याच्या. सरकार कारणे लिफाफ्यात घालून फक्त न्यायाधीशांच्या हाती देते, समोरच्या पक्षाला आपल्यावर काय आरोप आहे हे कळतच नाही. ‘मीडिया वन’ या मल्याळी वाहिनीचा परवाना असाच अडला होता. 5 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवली: सुरक्षेचे नुसते नाव घेणे पुरेसे नाही, त्यामागे काही ठोस असले पाहिजे.

त्याच 44व्या दुरुस्तीत एक तिसरे कलम आहे. सल्लागार मंडळाच्या मताशिवाय माणसाला डांबून ठेवण्याची मुदत ते तीन महिन्यांवरून दोनवर आणते आणि त्या मंडळाची नेमणूक उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांच्या शिफारशीने व्हावी असे सांगते. संसदेने ते मंजूर केले, पण अंमल कधीपासून हे ठरवणे केंद्र सरकारवर सोडले. 1981च्या ए. के. रॉय खटल्यात सरकारला तशी सक्ती करा अशी मागणी झाली. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या निकालाने ती नाकारली. त्यानंतर अनेक पक्षांची सरकारे आली नि गेली. ते तिसरे कलम लागू करणारी अधिसूचना अजून निघालेली नाही.