ग्राफिक्स कार्डाचे शीतन आणि बोलींचे ध्वनिमुद्रण

१

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने संगणकातील एका कार्डाच्या तापमानाची चिंता का वाहावी, असा प्रश्न प्रथमदर्शनी पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर ध्वनिमुद्रित भाषेच्या अभ्यासाला अलीकडे जे वळण लागले आहे त्यात सापडते. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणासारख्या उपक्रमांमुळे बोलींचे ध्वनिमुद्रित नमुने अभ्यासकांच्या हाती येऊ लागले आहेत. नाशिक जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर बागलाण, कळवण, देवळा, मालेगाव या भागांतील अहिराणी आणि सुरगाणा, पेठ या भागांतील कोकणा बोली ही अशा अभ्यासाची समृद्ध क्षेत्रे होत. या नमुन्यांचे लेखन हाताने करणे हे फार वेळखाऊ काम आहे. ते हलके करण्यासाठी बोललेल्या शब्दाचे लेखात रूपांतर करणाऱ्या प्रणाली वापरल्या जातात. ओपनएआय या संस्थेने २०२२ साली खुली केलेली ‘व्हिस्पर’ ही अशीच एक प्रणाली. तिच्या मोठ्या आवृत्तीत सुमारे १५५ कोटी परिमाणे असून ती चालविण्यास सुमारे १० गिगाबाइट स्मृती लागते. हे काम संगणकाच्या मुख्य चिपपेक्षा ग्राफिक्स कार्ड कितीतरी वेगाने करते, कारण मूळ चित्रे रेखाटण्यासाठी घडविलेले हे कार्ड हजारो लहान आकडेमोडी एकाच वेळी करू शकते.

परंतु खेळासाठी बनविलेले कार्ड रात्रंदिवस पूर्ण भाराखाली राबविले की दोन तक्रारी उद्भवतात. ते तापते आणि ते गोंगाट करते. लहान विभागात संगणक आणि ध्वनिमुद्रणाचे टेबल बहुधा एकाच खोलीत असतात. अशा ठिकाणी दुसरी तक्रार पहिलीहून गंभीर ठरते. कार्डावरील मूळ पंखे काढून त्याजागी निराळा, मोठा शीतक बसविणे हा या दोन्ही तक्रारींवरील एक उपाय आहे. त्याचे तत्त्व, त्याची रीत आणि त्याच्या मर्यादा यांचा येथे विचार करावयाचा आहे.

२

प्रथम आवाजाचा विचार करू. पंख्याच्या आवाजात दोन घटक असतात. एक म्हणजे हवेच्या खळबळीचा पसरट सूसू आवाज आणि दुसरा म्हणजे पाती एका ठिकाणावरून वारंवार गेल्याने निर्माण होणारा ठरावीक स्वर. या स्वराची वारंवारता काढणे सोपे आहे : पात्यांची संख्या गुणिले दर सेकंदाचे फेरे. नऊ पात्यांचा पंखा मिनिटाला १२०० फेरे घेत असेल तर सेकंदाला २० फेरे होतात आणि स्वर १८० हर्ट्झचा निघतो. तोच पंखा २४०० फेऱ्यांवर गेला की स्वर ३६० हर्ट्झचा होतो.

आता मराठीच्या ध्वनिव्यवस्थेकडे पाहावे. ‘दार’ आणि ‘धार’, ‘गोडा’ आणि ‘घोडा’ या जोड्यांतील भेद सघोष महाप्राणावर उभा आहे. शिवाय ‘म्हैस’, ‘न्हाणी’, ‘व्हावे’ यांतल्याप्रमाणे अनुनासिके आणि अर्धस्वर यांच्यासोबतही मराठीत महाप्राणत्व येते. या ध्वनींत स्वरतंतू पूर्ण न मिटता कंप पावतात आणि आवाजात श्वास मिसळतो. हा श्वासमिश्रित गुण मोजण्याची रूढ पद्धत अशी की आवाजाच्या पहिल्या आणि दुसऱ्या संनादींच्या तीव्रतेतील फरक पाहावयाचा. श्वासमिश्रित ध्वनीत पहिला संनादी तुलनेने बलवान असतो. स्त्रीच्या आवाजाची मूल वारंवारता बहुधा १८० ते २२० हर्ट्झच्या आसपास असते. अर्थात १८० हर्ट्झचा पंखा नेमका पहिल्या संनादीवर येऊन बसतो आणि ३६० हर्ट्झचा दुसऱ्यावर. म्हणजे पंख्याच्या गतीनुसार तोच उच्चार एकदा अधिक महाप्राण आणि एकदा कमी महाप्राण मोजला जाण्याचा संभव आहे. ध्वनी स्वच्छ करणारी प्रणाली वापरून हा दोष नंतर काढता येईल असे मानणेही धोक्याचे आहे. अशी प्रणाली पंख्याचा सूसू आवाज काढताना त्याच स्वरूपाचा श्वासही काढून टाकते. ऐंशी वर्षांच्या एखाद्या वक्त्याचे मुद्रण पुन्हा मिळेलच असे नसते. त्यातील दोष कायमचा राहतो.

३

आता उष्णतेचा विचार. ‘कूलर’ हा शब्द येथे दिशाभूल करणारा आहे. नाशिकच्या उन्हाळ्यात खिडकीत बसविलेला कूलर पाण्याच्या बाष्पीभवनाने हवा खरोखरच थंड करतो. माठही तेच करतो. कार्डावरील कूलर असे काहीही करीत नाही. त्याला आत येणाऱ्या हवेपेक्षा कमी तापमान कधीच गाठता येत नाही. तो उष्णता नाहीशी करीत नाही. तिला चिपपासून हवेपर्यंत वाट करून देतो, एवढेच. कार्डाने २०० वॉट वीज घेतली तर २०० वॉट उष्णता बाहेर पडणारच, मग शीतक कोणताही असो.

म्हणून शीतकाचा गुण मोजावयाचा तो या वाटेच्या रोधावरून. दर वॉटमागे चिपचे तापमान आत येणाऱ्या हवेहून किती अंश वाढते, हे त्या रोधाचे माप. समजा, मूळ शीतकाचा रोध दर वॉटमागे ०.२५ अंश आहे. २०० वॉटला चिप हवेपेक्षा ५० अंशांनी तापेल. जानेवारीत पेटीतील हवा २२ अंश असता चिप ७२ अंशांवर राहील आणि कोणाची काही तक्रार असणार नाही. मे महिन्यात, बाहेर पारा चाळिशीला टेकला असता, तीच हवा ३८ अंश झाली तर चिप ८८ अंशांकडे जाऊ पाहील. एनव्हिडियाच्या अनेक कार्डांत तापमानाची मर्यादा ८३ अंशांच्या आसपास राखलेली असते. ती गाठली की कार्ड आधी पंखे पिटाळते आणि मग स्वतःची गती कमी करते. रोध ०.१५ वर आणला तर वाढ ३० अंशांची होते आणि त्याच मे महिन्यात चिप ६८ अंशांवर थांबते. उरलेल्या १५ अंशांच्या मोकळिकीत पंखे मंद ठेवता येतात. तापमान आणि आवाज या दोन तक्रारी मुळात एकच आहेत, हे येथे ध्यानात येईल.

नाशिकला आणखी एक लहानसा भार सोसावा लागतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने येथील हवा किनाऱ्यावरील हवेहून पाच-सहा टक्के विरळ असते आणि पंख्याने ढकललेली तेवढीच हवा तितकी कमी उष्णता वाहून नेते.

४

बाहेरील शीतक हा रोध तीन ठिकाणी कमी करतो. पहिले ठिकाण पृष्ठभागाचे. पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यांची संख्या आणि क्षेत्रफळ वाढले की हवेला उष्णता देण्यास अधिक जागा मिळते. दुसरे ठिकाण उष्णता पसरविण्याचे. चिप काही सेंटिमीटरांचीच असते, पत्रे मात्र पाऊणएक फूट पसरलेले असतात. हे अंतर तोडण्यासाठी तांब्याच्या बंद नळ्या वापरतात. नळीतील बहुतेक हवा काढून तीत थोडे पाणी ठेवलेले असते. कमी दाबामुळे ते अल्प तापमानाला उकळते, वाफ थंड टोकाकडे जाऊन तेथे उष्णता सोडते आणि पाणी आतील सच्छिद्र अस्तरातून परत येते. या कल्पनेचे पेटंट रिचर्ड गॉग्लर यांना १९४४ साली मिळाले. जॉर्ज ग्रोव्हर यांनी लॉस अलामॉस येथे १९६३ साली ती स्वतंत्रपणे प्रत्यक्षात आणली. माठातील पाणी वाफ होऊन निघून जाते. येथे तेच पाणी अखंड फिरत राहते, हा फरक.

तिसरे ठिकाण पंख्याचे. समान गतीवर पंख्याचा हवेचा प्रवाह साधारणपणे व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८० मिलिमीटरऐवजी १२० मिलिमीटरचा पंखा घेतला तर तेवढ्याच फेऱ्यांत सुमारे सव्वातीन पटींहून अधिक हवा हलते. याउलट गती निम्मी केली की प्रवाह निम्मा होतो, पण आवाज सुमारे १५ डेसिबेलने घटतो. मोठा पंखा आणि मंद गती हे सूत्र त्यावरून निघते.

या उपायाची गरज सर्वांच्या लक्षात आणून देणारे उदाहरण म्हणजे एएमडी कंपनीचे २०१३ साली आलेले ‘आर९ २९०एक्स’ हे कार्ड. ते ९५ अंशांवर चालण्याच्या हिशोबानेच बनविलेले होते आणि त्याच्या एकमेव पंख्याच्या गोंगाटावर बरीच टीका झाली. अनेकांनी तो शीतक काढून आर्क्टिक कंपनीचा ‘अ‍ॅक्सेलेरो एक्स्ट्रीम’ हा तीन पंख्यांचा शीतक बसविला. हवेऐवजी पाणी हा मार्गही आहे. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ महासंगणकाचे शीतन पाण्याने केले जाते. तथापि एका कार्डासाठी पंप आणि नळ्या यांचा संसार मांडण्याची गरज क्वचितच पडते.

५

प्रत्यक्ष जोडणीत बहुतेक अपयश येते ते शीतक कमी प्रतीचा असल्याने नव्हे, तर सांध्यांमुळे. जुन्या घरांतील तांब्याचा बंब येथे आठवावा. तांबे उष्णता उत्तम वाहते. पण मधल्या नळीला आतून काजळी आणि बाहेरून क्षार धरला की सरपण वाढवूनही पाणी लवकर तापत नाही. पातळ थर सगळ्या तांब्याचा गुण मारून टाकतो. चिप आणि शीतकाचा तळ हे दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात सूक्ष्म फटी असतात आणि त्यांत हवा असते. तांब्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे १५ हजार पट आहे. म्हणून फटी भरण्यासाठी पेस्ट लावतात. पेस्ट हवेपेक्षा शेकडो पटींनी चांगली वाहक असली तरी तांब्याच्या मानाने ती फारच मंद असते. तेव्हा ती फटी भरण्यापुरतीच, पातळ असावी. जाड थर हा स्वतःच अडथळा होतो.

कामाचा क्रम असा. शीतक विकत घेण्यापूर्वी कार्डावरील चिपभोवतीच्या चार छिद्रांतील अंतर मोजावे, कारण ते कंपनीगणिक आणि पिढीगणिक बदलते. पेटीत तीन खाचांइतकी जागा आहे की नाही तेही पाहावे. मूळ शीतक काढताना पंख्यांच्या तारा आधी सोडवाव्यात, नाहीतर त्या जोडणीसकट उपटल्या जातात. पेस्ट घट्ट झाली असेल तर कार्ड थोडा वेळ चालवून कोमट असताना शीतक हलकेच पिळून सोडवावा, सरळ ओढू नये. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. नवा शीतक बसविताना स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतून, थोडे थोडे, फेऱ्याफेऱ्याने आवळावेत. या चिपवर धातूचे झाकण नसते. एकच कोपरा पूर्ण आवळला तर तिचा कोपरा उडतो आणि कार्ड निकामी होते. गॅलियमयुक्त द्रवधातूची पेस्ट नवख्याने टाळावी. ती वीज वाहते आणि अ‍ॅल्युमिनियम पोखरते.

यानंतरचा भाग बहुधा दुर्लक्षिला जातो. कार्डावर उष्णता देणारी चिप एकटी नसते. भोवतीच्या स्मृतीच्या चिपा आणि वीजदाब नियंत्रित करणारे लहान घटक हेही तापतात. मूळ शीतकाचा पत्रा मऊ पट्ट्यांच्या साहाय्याने त्यांनाही टेकलेला असतो. नवा शीतक बहुधा फक्त मुख्य चिपला टेकतो. अशा वेळी मुख्य चिपचे तापमान पाहून मालक समाधानी असतो आणि कार्ड मात्र तासाभराने अकस्मात बंद पडते, कारण ज्यांचे तापमान पडद्यावर दिसत नाही ते घटक भाजून निघालेले असतात. म्हणून त्या प्रत्येकावर लहान पत्रे चिकटवावेत. मूळ पट्ट्या फाटल्या असतील तर नेमक्या त्याच जाडीच्या नव्या घ्याव्यात. अर्ध्या मिलिमीटरची चूकही मुख्य चिपचा सांधा उचलून धरते. जड शीतकाने कार्ड वाकू नये यासाठी त्याला खालून टेकू द्यावा.

६

शेवटी पेटीचा विचार. काही कार्डांचे मूळ पंखे गरम हवा थेट पाठीमागून बाहेर फेकतात. नवा शीतक ती पेटीतच सोडतो. तिला बाहेर जाण्याची वाट नसेल तर तीच हवा पुन्हा शीतकात शिरते आणि सारा लाभ हिरावला जातो. लासलगाव भागातील शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. कांद्याची चाळ तो जमिनीपासून उंच बांधतो आणि बाजू झिरझिरीत ठेवतो, कारण खालून हवा आली आणि वरून गेली तरच कांदा टिकतो. पेटीलाही पुढून थंड हवा आत आणि मागून, वरून गरम हवा बाहेर अशी वाट हवी. धुळीसाठी जाळी लावून ती उन्हाळ्यात वरचेवर झटकावी.

या सर्वांआधी एक बिनखर्चाचा उपाय करून पाहावा. चिपने खर्च केलेली वीज ढोबळपणे दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब दहा टक्क्यांनी कमी करता आला तर त्याच गतीवर वीज सुमारे एकोणीस टक्क्यांनी घटते. उष्णता कमी करण्याचा हा एकच खरा मार्ग. शीतक ती केवळ हलवितो. कार्डाची वीजमर्यादा खाली आणून काम थोडे सावकाश होऊ देणे पुष्कळदा पुरेसे ठरते. मग मूळ शीतक उघडण्याची आणि त्यासोबत हमी गमावण्याचा धोका पत्करण्याची गरज उरत नाही. वक्ता समोर बसलेला असता संगणक बंद ठेवणे हा तर सर्वांत साधा नियम होय.

बाहेरील शीतक बसवावयाचा तो हे दोन्ही उपाय करूनही भागत नसेल तेव्हाच. तो बसविल्यानंतर परीक्षा पडद्यावरील आकड्यांवर संपवू नये. कार्ड तासभर पूर्ण भाराखाली ठेवून, खोलीत कोणी न बोलता, एक मिनिटाचे मुद्रण करावे आणि त्याचा वर्णपट पाहावा. १०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात पंख्याची आडवी रेघ उमटली नाही, तर खोली ‘दार’ आणि ‘धार’ यांतील भेद नोंदविण्यास योग्य झाली असे मानावयास हरकत नाही.