साक्षांकन फॉर्म भरताय? जरा थांबा!

हुडकेश्वरला आमच्या शेजारच्या पोराची केंद्र सरकारच्या नोकरीत निवड झाली. पेढे वाटून झाले अन् हातात साक्षांकन फॉर्म आला. "काका, कॉलेजातल्या भांडणाची जुनी केस आहे. निर्दोष सुटलो. लिहू का?"

लिहायचंच, बावा!

मी आस्थापना शाखेत असे फॉर्म हाताळलेत. अटक, खटला, शिक्षा असे प्रश्न वेगवेगळे असतात. शिक्षा झाली नाही म्हणून अटकेपुढेही 'नाही' लिहिलं, की फसलात. फॉर्म दिल्यानंतर काही घडलं, तर तेही कळवावं लागतं.

२०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: माहिती खरी हवी. किरकोळ प्रकरण लपवलं असेल, तर कार्यालय ते माफ करू शकतं. पण खरं लिहिलं म्हणून नोकरी पक्की, असंही नाही. पूर्वचारित्र्य तपासायचा हक्क त्यांना आहेच.

पत्त्यांकडेही लक्ष द्या. मागच्या पाच वर्षांत वर्षभराहून जास्त जिथे राहिलात, ते सगळे पत्ते लागतात. पुण्यातली भाड्याची खोलीसुद्धा. मग त्या-त्या ठिकाणी पोलिसांकडून पडताळणी होते.

केस असेल तर निकालाची प्रमाणित प्रत आधीच काढून ठेवा.

कोणता रकाना अडलाय? कमेंटमध्ये विचारा, फक्त केसचा तपशील तिथे टाकू नका.