जुन्या भ्रमणध्वनी जाळ्यांची निवृत्ती आणि ग्राहक : पनवेल परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

भ्रमणध्वनी हे आज केवळ संभाषणाचे साधन राहिलेले नाही. बँकेचे व्यवहार, गॅसची नोंदणी, आधारची पडताळणी ही कामे भ्रमणध्वनी क्रमांकाशी जोडली गेली आहेत. त्यामुळे जुने जाळे बंद होणे ही निव्वळ तांत्रिक घटना ठरत नाही. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेची कारणे व ग्राहकांवरील परिणाम यांचा विचार केला आहे.

जाळे बंद होण्याची कारणे

बिनतारी संदेशवहनासाठी लागणारा लहरींचा पट्टा, म्हणजेच स्पेक्ट्रम, मर्यादित असतो. त्याच पट्ट्यातून फोर-जी तंत्र थ्री-जीपेक्षा अधिक माहिती वाहून नेते. शिवाय जुनी यंत्रसामग्री काढल्यास वीज व देखभालीचा खर्च वाचतो. एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून थ्री-जी सेवा बंद करण्यास प्रारंभ केला, त्यामागे हाच हिशेब होता.

सीडीएमएचा अनुभव

नवी मुंबईत कोपरखैरणे येथे मोठे संकुल असलेल्या रिलायन्स इन्फोकॉमने डिसेंबर २००२ मध्ये सीडीएमए सेवा आणली. २००३ मधील ५०१ रुपयांच्या योजनेमुळे सामान्य माणसाच्या हाती भ्रमणध्वनी आला. मात्र सुरुवातीच्या संचांत सिमकार्ड नसे; क्रमांक संचातच नोंदवलेला असे. असा संच जीएसएम जाळ्यावर चालत नसे. परिणामी सीडीएमए जाळे बंद झाल्यावर सुस्थितीतील संचही निरुपयोगी ठरला. पुढे रिलायन्स कम्युनिकेशन्सची टू-जी संभाषण सेवाही १ डिसेंबर २०१७ पासून थांबली. तेव्हा क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय ग्राहकांच्या उपयोगी पडली.

ग्राहकांवरील परिणाम

थ्री-जी बंद झाल्यावर त्या पिढीचा संच टू-जीवर उतरतो. बोलणे चालू राहते, इंटरनेट मंदावते. टू-जी बंद झाल्यास मात्र खाली उतरण्यास पायरीच उरणार नाही. साधे संच निकामी होतील. ज्या फोर-जी संचांत व्होल्टी सुविधा नाही, त्यांवरून इंटरनेट चालेल, पण नेहमीचा कॉल लागणार नाही. ऑस्ट्रेलियात २०२४ मध्ये थ्री-जी बंद करताना आणीबाणीचा कॉल न लागणाऱ्या संचांचा प्रश्न गंभीर ठरला होता. टू-जी सिमवर चालणारी कार्ड स्वाइप यंत्रे व वाहनांवरील जीपीएस उपकरणेही बदलावी लागतील.

हा भार सर्वांवर सारखा पडत नाही. खारघर, कामोठे येथील नोकरदार काही वर्षांनी संच बदलतोच. माथेरानच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेल्या ठाकूर व कातकरी वाड्यांतील मजुराला मात्र नवा संच म्हणजे काही दिवसांची मजुरी होय. जुलै २०२३ मध्ये ९९९ रुपयांचा फोर-जी संच बाजारात आला, तरी रिचार्जचा खर्च वेगळाच. वृद्धांना नवा संच शिकण्याचे कष्ट निराळे.

निष्कर्ष

भारतात टू-जी सेवा अद्याप चालू आहे. म्हणूनच तयारीस अवधी आहे. पूर्वसूचना मराठीतून, लेखी संदेशासोबत ध्वनिसंदेशानेही दिली जावी, कारण साधा संच वापरणाऱ्या प्रत्येकास वाचता येतेच असे नाही. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत गावातील संचांची पाहणी करून कोणता संच कोणत्या जाळ्यावर चालतो, याची नोंद घेता येईल. नव्या जाळ्याचा लाभ कंपनीस व शहरी ग्राहकास मिळत असेल, तर स्थलांतराचा संपूर्ण खर्च सर्वांत गरीब ग्राहकाने सोसावा, हे न्याय्य म्हणता येणार नाही.