एकवीस अक्षरांचा संगणक

हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. ऐंशीचं दशक सरत आलेलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याचा मामेभाऊ एसटीनं आला, तो मांडीवर एक खोकं धरून. खोक्यात पाटीएवढा काळा कीबोर्ड. बाकीचा संगणक कुठाय म्हणून आम्ही खोकं पालथं करून पाहिलं. बाकी काही नव्हतंच. सगळा संगणक त्या कीबोर्डच्या पोटात. पडदा म्हणजे घरचा टीव्ही आणि साठवणीला वडिलांचा टेपरेकॉर्डर. वडिलांच्या भजनांच्या कॅसेटा पहिल्याच दिवशी कोनाड्यात गेल्या.

यंत्राचं नाव डीबी स्पेक्ट्रम प्लस. पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन काढलेलं हे इंग्लंडच्या झेडएक्स स्पेक्ट्रम प्लसचं देशी रूप. पन्नास हजारांवर यंत्रं विकली गेली असं सांगतात. हिंगोलीत मी पाहिलेलं तेवढं एकच.

मूळ स्पेक्ट्रम केंब्रिजच्या सिंक्लेअर रिसर्चनं २३ एप्रिल १९८२ रोजी जाहीर केला. १६के स्मृतीचा १२५ पौंडांना, ४८केचा १७५ ला. क्लाइव्ह सिंक्लेअर हा मालक काटकसरीच्या बाबतीत आपल्याकडच्या वाण्यालाही मागे टाकणारा. वायरिंगची आखणी रिचर्ड ऑल्टवासरची, बेसिक भाषा स्टीव्ह विकर्सची, बाहेरचं देखणं रूप रिक डिकिन्सनचं. मेंदू म्हणजे झेड८०ए हा प्रोसेसर, गती साडेतीन मेगाहर्ट्झ. बाकी किरकोळ चिपांची गर्दी टाळून बहुतेक कामं फेरांटी कंपनीच्या एकाच खास चिपेवर सोपवलेली. यूएलए तिचं नाव. पडदा रंगवणं, कळा वाचणं, टेप ऐकणं, भोंगा वाजवणं, सगळं तिच्याकडे. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखी ती दिवसभर तापलेली असे.

या यंत्राची जवळजवळ प्रत्येक खोड पैसे वाचवण्यातून आलेली आहे, आणि म्हणूनच ते मला आवडतं. ४८केच्या यंत्रातली वरची ३२के स्मृती घ्या. त्यासाठी ६४ किलोबिटच्या, पण अर्धा भाग नासका निघालेल्या चिपा स्वस्तात घेतल्या आणि त्यांचा धड अर्धाच जोडला. डागी आंबा घेऊन चांगली फोड तेवढी कापून घ्यावी तसं. अगदी सुरुवातीच्या काही यंत्रांत यूएलएची चूक निस्तरायला एक चिप उलटी, पाय वर करून चिकटवली होती. जुन्या यंत्रांचे शौकीन तिला मेलेलं झुरळ म्हणतात.

रंगांचंही तेच. पडदा २५६ आडवे, १९२ उभे ठिपके. प्रत्येक ठिपक्याला स्वतंत्र रंग द्यायचा तर स्मृती तिथंच संपली असती. म्हणून पडद्याची ८ बाय ८ ठिपक्यांची चौकोनी घरं पाडली, आडवी ३२ आणि उभी २४, आणि एका घरात दोनच रंग, असा नियम केला. एकूण रंग १५. सगळा पडदा ६९१२ बाइटांत मावला. पण खेळातला पांढरा माणूस लाल झाडाशेजारून गेला की झाडाचा रंग त्याला लागायचा, रंगपंचमीला भलत्याच गल्लीतून जाणाऱ्यासारखा. म्हणून कसलेले खेळ लिहिणारे माणूस आणि झाड एका घरात येणारच नाहीत अशी मांडणी करत. १९८३ साली मॅथ्यू स्मिथ नावाच्या कोवळ्या पोरानं लिहिलेला ‘मॅनिक मायनर’ आजही बघावा.

टेपवरून कार्यक्रम चढवणं हा मात्र खरा सोहळा. जे ही एकच कळ दाबली की ‘लोड’ हा अख्खा शब्द उमटे, कारण यात शब्द टाइप करायचेच नसत. एकेका कळीवर पाच-सहा कामं छापलेली. मग टेप सुरू. आधी लांब शिट्टी आणि पडद्याच्या कडेला लाल-आकाशी पट्टे, मग करकर आणि निळे-पिवळे पट्टे. वेग सेकंदाला सुमारे १५०० बिट, म्हणजे ४८के भरायला साडेचार मिनिटं. चित्र वरून खाली सरळ उतरत नसे. पडद्याचे तीन भाग, आणि प्रत्येक भागात दर आठवी ओळ आधी, अशी सतरंजी विणली जाई. ओसरीवरून आजी विचारायची, “का रं बाबा, टेप मेला का काय?” चार मिनिटं होत आली की वीज जायची. वीज टिकली तर टेपच्या डोक्याचा स्क्रू एका केसानं फिरलेला असायचा आणि पडद्यावर ‘टेप लोडिंग एरर’. पेचकस म्हणूनच टेपरेकॉर्डरजवळच ठेवलेला.

आता भावंडांकडे वळू. मूळ स्पेक्ट्रमच्या कळा खोडरबरासारख्या मऊ, चाळीसच. ऑक्टोबर १९८४ मध्ये प्लस आला: ५८ टणक कळा, डावीकडे रीसेटचं बटण, आत मात्र तेच ४८के. नवी खोळ, जुनी गादी. पुण्याचं यंत्र याच घराण्यातलं. १२८केचा स्पेक्ट्रम सप्टेंबर १९८५ मध्ये आधी स्पेनमध्ये आला, इंग्लंडात पुढच्या जानेवारीत. त्यात तीन सुरांची चिप होती. एप्रिल १९८६ मध्ये सिंक्लेअरनं संगणकांचा धंदा ॲमस्ट्रॅडला ५० लाख पौंडांना विकला. त्या कंपनीनं प्लस टूमध्ये टेपरेकॉर्डर आतच बसवला आणि १९८७ च्या प्लस थ्रीमध्ये तीन इंची डिस्क. प्लस थ्रीवर काही जुने खेळ चालेनात. तीन इंची डिस्क तरी कोण वापरत होतं? जग साडेतीन इंचाकडे निघालं होतं.

परवान्याच्या आणि बिनपरवान्याच्या नकला याहून रंगतदार. अमेरिकेत टायमेक्सनं काढलेली आवृत्ती लवकरच गुंडाळली गेली, पण त्याच कंपनीच्या पोर्तुगालच्या शाखेनं स्वतःची यंत्रं पुढं चालू ठेवली. सोव्हिएत प्रदेशात यूएलए चिप मिळेना, तर तिथल्या हौशी इंजिनिअरांनी तिचं काम साध्या सुट्या चिपांनी करून दाखवलं. लेनिनग्राड, पेंटॅगॉन ही त्या यंत्रांची नावं. इंग्लंडात स्पेक्ट्रम बंद झाल्यावरही ती बनत राहिली. आणि ब्राझीलचा टीके९०एक्स. त्यात पोर्तुगीज आणि स्पॅनिशची चिन्हांकित अक्षरं घालायची सोय होती. ब्राझीलला अक्षरं मिळाली. आम्हाला?

आपल्याकडे शाळांसाठी सरकारनं १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, सुरुवातीला २५० शाळांत, तोही बीबीसी मायक्रो या दुसऱ्या ब्रिटिश आठ-बिटी यंत्रावर. ते अधिक भक्कम आणि अधिक महाग. आमच्या शाळेपर्यंत काही ते आलं नाही. आमच्या वाट्याला मामेभावाचं यंत्र, आणि ते फक्त इंग्रजी जाणणारं.

पण त्यात एक पळवाट होती. प्रत्येक अक्षर म्हणजे ८ बाय ८ चं घर, आणि ए पासून यू पर्यंत एकवीस अक्षरं वापरणाऱ्यानं स्वतः रेखाटायची मुभा. दुपारभर माळवदाखालच्या गार खोलीत आम्ही आलेखाच्या वहीत चौकोन रंगवत बसलो. भरलेला चौकोन एक, रिकामा शून्य; एका ओळीचे आठ अंक मिळून एक संख्या. पूर्ण भरलेली ओळ म्हणजे २५५. शिरोरेषेला प्रत्येक अक्षरात हीच २५५, नाहीतर शेजारच्या घराशी रेघ जुळायची नाही. वरच्या दोन ओळी मात्रा-अनुस्वाराला सोडल्या, तिसरीत शिरोरेषा, मग अक्षराच्या अंगाला राहिल्या पाचच. त्यात ‘ह’ बसवून दाखवा! उकाराला तर जागाच नव्हती.

‘हिंगोली’ला सहा घरं लागली. पहिल्या वेलांटीचं एक, अनुस्वारासकट ह एक, मात्रेचं टोक डोक्यावर घेतलेला ग, पुढचा काना, ल आणि दुसरी वेलांटी. बिनअनुस्वाराचा ह हवा असेल तर आणखी एक घर. एकविसात सहा गेली, जोडाक्षरांचं नावच काढायला नको. तरी संध्याकाळी टीव्हीवर निळ्या पाटीवर पिवळं ‘हिंगोली’ उमटलं तेव्हा शेजारपाजारचे दारात उभे होते. एकानं विचारलं, दूरदर्शनवर आपलं गाव कशाला दाखवतायत?

पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं भारतीय लिप्यांचं जिस्ट तंत्र तिथं वाढलं आणि पीसीत कार्ड घालून धड देवनागरी दिसू लागली. एकाच शहरातून एक यंत्र इंग्रजी घेऊन निघालं आणि एक मराठी, पण दोघांची गाठ पडली नाही. एव्हाना आठ-बिटी यंत्रांचे दिवसही भरत आले होते. ॲमस्ट्रॅडनं १९९२ मध्ये स्पेक्ट्रम थांबवला. क्लाइव्ह सिंक्लेअर २०२१ च्या सप्टेंबरात गेले.

मामेभावाचं यंत्र त्यानं कधीच कुणाला तरी देऊन टाकलं. मला त्यातला एक आकडा मात्र पाठ आहे. पहिली १६के जागा यंत्राच्या स्वतःच्या कार्यक्रमानं व्यापलेली, शून्यापासून १६३८३ पर्यंत. तिथं काही बदलता येत नसे. आपलं राज्य सुरू होई ते १६३८४ पासून. तिथं २५५ टाकलं की पडद्यावर आठ ठिपक्यांची बारीक रेघ उमटे. पहिल्या दिवशी आम्ही तेवढंच तासभर केलं.

आता हिंगोली स्वतंत्र जिल्हा होऊन पंचविसाहून अधिक वर्षं झाली. औंढा नागनाथ तालुक्यात लायगोची वेधशाळा उभी राहायची आहे. केंद्र सरकारनं २०२३ च्या एप्रिलमध्ये २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, आणि काम दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीनं अवकाशात उठणारे तरंग टिपण्याचं. अमेरिकेतल्या अशा दोन्ही वेधशाळांविषयी वाचत होतो. त्या आपला मुख्य संकेत सेकंदाला १६३८४ वेळा नोंदवतात. मी लगेच पुण्याला फोन लावला आणि मामेभावाला फक्त आकडा सांगितला.

तो म्हणाला, “पडद्याचा डावा, वरचा कोपरा. का रे, काय झालं?”